साबणवाल्याची जीभ

साबण करणारा माणूस स्वच्छ असतो, असा एक गोड गैरसमज लोकांत आहे. तो ज्यांना जपायचा असेल त्यांनी वस्तादांच्या कारखान्यात पाऊल टाकू नये. कारखाना हा शब्दही वस्तादांचाच. बाकीचे त्याला शेड म्हणत. भिंतींवर धुराचा आणि तेलाचा इतका जाड लेप बसला होता की वस्तादांच्या आजोबांनी लावलेला चुना शोधायला छिन्नीच लागली असती. जमीन अशी बुळबुळीत, की नवा गडी पहिल्या दिवशी हटकून आपटायचा आणि जुने गडी काम सोडून ती गंमत बघत उभे राहायचे. वस्तादांच्या सदऱ्याचा मूळ रंग कोणता, हे त्यांच्या बायकोखेरीज कुणालाही सांगता आलं नसतं. आणि साऱ्या गल्लीची अंगं घासून निघावीत म्हणून जन्मभर राबणारा हा माणूस स्वतः आंघोळीचं नाव काढलं की कुरकुरायचा. "दिवसभर साबणातच उभा असतो की मी! आणखी कसली आंघोळ?"

बायकोला सगळे वहिनी म्हणत. धाकटा दीर म्हणायचा, त्याचं ऐकून गडी म्हणायला लागले, गड्यांचं ऐकून गिऱ्हाइकं. वस्ताद मात्र तिला 'अगं' म्हणत, आणि तेही काही चुकलं असेल तरच. त्यामुळे दिवसातून बऱ्याच वेळा म्हणत.

वस्तादांना इतिहास सांगायची खोड होती. गिऱ्हाईक बिचारं एक वडी घ्यायला यायचं आणि हजारो वर्षं ऐकून जायचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या घराण्यातल्या कुणा मूळपुरुषाच्या हातून एकदा चुलीतल्या राखेत तेल सांडलं. त्यावर पाणी पडलं, फेस आला, आणि मूळपुरुषाच्या डोक्यात प्रकाश पडला. अशा रीतीनं जगाला साबण मिळाला. ही कथा सांगताना वस्ताद स्वतःच्या छातीवर असा हात ठेवत, जणू तेल त्यांनीच सांडलं होतं.

वहिनी ही कथा लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. एकदा भर गिऱ्हाइकात ती म्हणाली, "तेल मूळपुरुषानं सांडलं, हे मी मानते. तेवढं पुरुषांना जमतं. पण दुसऱ्या दिवशी ती चूल कुणी पुसली? फेस आधी कुणाच्या हाताला लागला? पुरुषानं चूल पुसली असेल, तर मी ही वडी खाऊन दाखवते."

गिऱ्हाईक हसलं. वस्ताद हसले नाहीत.

खरा इतिहास वहिनीनं सासऱ्यांच्या काळात थोडा डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा कुंपणाची झुडपं जाळून राख करायचे. तळाला भोक असलेल्या लाकडी पिंपात गवत अंथरायचं, त्यावर राख आणि कळीचा चुना, आणि वरून थेंब थेंब पाणी. खाली जे झिरपायचं ते बोटाची कातडी सोलून काढील असं जहाल. त्यात अंडं सोडायचं. अंडं बुडालं तर पाणी कच्चं, तरंगून त्याचं टक्कल तेवढं वर दिसलं तर पाणी तयार. राख चाळणं, पिंप भरणं, डोळे चोळत बसणं ही कामं सासूबाईंची. अंडं सोडून 'हं' म्हणणं हे काम सासऱ्यांचं. इतिहासात फक्त 'हं' उरलं.

पुढे त्या जहाल पाण्याऐवजी बाजारात कॉस्टिकचे डबे आले. वस्तादांनी त्यांना 'आळशांचं औषध' असं नाव ठेवलं आणि मागच्या दारानं आत घेतले. मग यंत्रावरचा साबण आला, चकचकीत कागदातला. त्याला वस्ताद 'वास मारलेलं मेण' म्हणत. चरबीचा साबण करणाऱ्यांना तर ते साबणवाले मानतच नसत. आपल्याकडे निव्वळ तेल, खोबरेल आणि एरंडेल, असं नाकानं कांदे सोलत सांगत. तेवढी गोष्ट मात्र खरी होती. साबण चांगला होता. माणूस कसाही असला तरी वडीत खोट नव्हती, म्हणून तर वहिनीनं इतकी वर्षं त्याची बडबड सोसली.

आणि साबण चांगला होता तो वस्तादांच्या जिभेमुळे, हेही कबूल करायला हवं. तेल आणि कॉस्टिकचं पाणी कढईत उकळून उकळून एकजीव झालं की त्यात मीठ टाकायचं. साबण दह्यासारखा फुटून वर येतो आणि खाली काळपट खारं पाणी राहतं. ते सोडून द्यायचं, पुन्हा साध्या पाण्यानं धुवायचं, पुन्हा उकळायचं. आता झाला की नाही, हे कुठल्याही यंत्राला न विचारता वस्ताद स्वतः ठरवत. कढई ढवळायच्या वल्ह्यावरचा जरासा साबण निववायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. चावला, तर कॉस्टिक शिल्लक आहे. चावला नाही, तर झाला. मग वस्ताद वल्हं कढईच्या काठावर आपटत आणि गडी जाळ ओढून काढत. 'एका कढईला एकच जीभ' हा आजोबांपासूनचा नियम होता. दुसऱ्या कुणी चाखायचं नाही, आणि वस्ताद बोलले त्यावर बोलायचं नाही.

ही जीभ शेडमध्येच राहिली असती तर वहिनीची तक्रार नव्हती. पण ती घरी जेवायलाही यायची. चाखणीच्या आदल्या दिवशी घरात तिखट नाही, कांदा नाही, लसूण नाही, कारण वस्तादांची जीभ विश्रांती घेत असे. दीर, गडी, आलागेला, सगळ्यांनी त्या एका जिभेखातर पाणचट गिळायचं. आणि इतर दिवशी पहिला घास तोंडात गेला की ठरलेला निकाल यायचा.

"अगं, मीठ जास्त."

कधी 'किंचित जास्त', कधी 'आज तर फारच'. कमी पडलं असं एकदाही नाही. भाजी बदलली, मीठ बदललं, खुद्द चूल बदलली, पण निकाल बदलला नाही. "तुझ्या हाताला चव नाही, त्याला कोण काय करणार?" असं म्हणून ते ताट चाटूनपुसून स्वच्छ करत.

तर एके दिवशी वहिनी भाजीत मीठ घालायलाच विसरली. ताटं वाढून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. आता काय काय ऐकावं लागणार, याची मनातल्या मनात उजळणी केली. वस्तादांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. भिंतीकडे बघत ताट संपवलं, हात धुतले आणि गेले.

वहिनीला आधी आनंद झाला. मग संशय आला. एवढा चांगुलपणा या माणसाच्या अंगी कुठून आला?

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मीठ घातलं नाही. आज दीरही पंगतीला होता. हा दीर म्हणजे शेडमधलं दुसरं वल्हं. दिवसभर कढई ढवळायची आणि थोरल्यानं 'हो' म्हटलं की 'हो' म्हणायचं, एवढं त्याचं आयुष्य. त्यानं घास घेतला, थांबला, आणि मिठाची वाटी शोधायला इकडेतिकडे बघू लागला. वहिनीनं डोळ्यांनी त्याला दटावलं आणि नवऱ्याला सहज विचारलं, "अहो, आज मीठ कसं झालंय?"

वस्ताद क्षणभर चावायचे थांबले.

"जास्तच आहे," ते म्हणाले. "नेहमीसारखं."

दीर घास तोंडात धरून वहिनीकडे बघत राहिला.

तेव्हा तिला सगळं कळलं, आणि खूप मजा वाटली. जन्मभर उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता त्या जिभेत टाळ्याला लावण्यापलीकडे काही उरलंच नव्हतं! मीठ नाही ते कळत नाही, आणि कळत नाही हे मात्र त्याला पक्कं कळतंय. भांडी घासताना ती एकटीच हसली. मग घासणीवरची साबणाची चकती तिच्या हातातून निसटली, आणि तिचं हसू थांबलं. मीठ कळत नाही, तर साबण कसा कळतो?

वस्ताद तेल आणायला बाहेर गेलेले बघून ती शेडमध्ये गेली. वाळवणीच्या फळ्यांवर वड्या एकावर एक आडव्या उभ्या, मध्ये वारा खेळेल अशा रचलेल्या होत्या. आतल्या भिंतीशी नुकत्याच कापलेल्या, दाराजवळ जुन्या, विकायला तयार. तिनं आतल्या भिंतीपासून सुरुवात केली. पहिली वडी जिभेला लावली आणि हात झटकून मागे सरली. चावली. नवी आहे, म्हणून पुढची घेतली. तीही चावली. वाळल्यावर साबण थोडा निवतो, पण मधल्या फळ्यांवरच्या वड्याही चावत होत्या. रास ओलांडून रास, ती दाराकडे सरकत गेली. अगदी दाराजवळच्या शेवटच्या छोट्या राशीपाशी जीभ मुकाट राहिली. ती तेवढी चांगली. मागचं सगळं, फळ्या वाकवणारं सगळं, कच्चं.

घरी येऊन तिनं गार पाणी तोंडात धरलं. जिभेची आग संध्याकाळपर्यंत गेली नाही. हा माणूस जन्मभर हेच करत आला, असा विचार तिच्या मनात आला आणि थोडी दया वाटली. पण त्यानं लगेच तिच्या चहालाही नाव ठेवलं, तेव्हा ती दया तिनं परत घेतली.

दिराला तिनं गाठलं. "भाऊजी, सगळा माल पुन्हा कढईत टाकायला हवा."

"वहिनी, दादाला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा. तुमचा भाऊ आहे."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वहिनी. लोकांना कळलं तर आपल्या वडीला कोण हात लावेल?"

"आणि न कळता अंगाला लावली तर?"

दीर वल्हं उचलून कढईकडे निघून गेला. असा माणूस कढई ढवळायलाच बरा. वहिनीनं मग एकच केलं. गल्ल्यावर स्वतः बसायला लागली आणि दाराजवळच्या राशीतलीच वडी काढून देऊ लागली. कुणी जास्त मागितल्या तर म्हणायची, एकच ने, साबण आहे, लोणचं नाही मुरवून ठेवायला. असं करत करत ती रास संपली, आणि त्याच दिवशी सुईणबाई दारात उभी राहिली.

सुईणबाई बुटकी होती आणि आवाज मात्र दोन माणसांचा होता. गल्लीतलं एकूण एक पोर तिच्या हातावर जन्मलेलं. नव्या जिवाला पहिली आंघोळ ती वस्तादांच्याच साबणानं घालायची. बाकीच्या साबणानं मी पायपुसणीही धूत नाही, असं ती चारचौघांत म्हणायची आणि वस्ताद ते चारचौघांत म्हणवून घ्यायचे.

"वहिनी, वड्या काढा. दोघीजणी आज-उद्याच्या आहेत."

"आज नाहीत."

कढईजवळून वस्ताद गरजले, "नाहीत कशा? ओझ्यानं फळ्या वाकल्यात! अगं, डोळे फुटले का?"

"आहेत. पण द्यायच्या नाहीत."

"का?"

दीर खोकला. गड्यांनी ढवळणं थांबवलं. एवढ्या वर्षांत ती टोमणे खूप मारत आली होती, पण त्या शेडमध्ये साबणाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिनं सुईणबाईच्या हातांकडे पाहिलं. नुकत्याच जन्मलेल्या, सालीसारखी पातळ कातडी असलेल्या पोरांना धरणारे ते हात होते.

"चावतात," ती म्हणाली.

"कुणाला चावल्या?"

"मला. मी चाखून बघितल्या."

वस्ताद हसले. हसत हसत कढईच्या ओट्यावरून खाली उतरले. "ऐका! हिनं चाखल्या! जिच्या हाताला चव नाही तिला जीभ फुटली! एका कढईला एकच जीभ, हे माझ्या आजोबांनी..."

"अहो, ती जीभ गेली," वहिनी हळूच म्हणाली. "मी कितीतरी दिवस झाले, भाजीत मीठ घातलेलं नाही."

वस्तादांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं त्या घराण्यात कुणालाच शिकवलेलं नव्हतं. त्यांनी मधल्या फळीवरची एक वडी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, तिचा कोपरा कचकन तोडला आणि चावायला सुरुवात केली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जगातल्या दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस आपला माल चांगला आहे हे दाखवायला साबण खाईल? वस्ताद खात होते. ओठांच्या कडेनं फेस आला. जीभ मेली असली तरी ओठ आणि गाल जिवंत होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तरी मान ताठ आणि तोंडावर हसू.

"लोणी," ते म्हणाले. "नुसतं लोणी."

सुईणबाई जवळ गेली आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघू लागली. वडीचा तुटका तुकडा तिनं उचलला, स्वतःच्या जिभेला टेकवला आणि पचकन थुंकली.

"थुंका, वस्ताद," ती म्हणाली. "अहो, नुकतं जन्मलेलं पोरसुद्धा कडू लागलं की तोंड वाकडं करतं. तुमचं सरळ आहे. थुंका म्हणते ना!"

वस्ताद थुंकले. वहिनीनं त्यांना मोरीवर वाकवलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी तोंडावर ओतत राहिली. एका हातानं त्यांची मान धरली होती. ती मान आता ताठ नव्हती, आणि तिला ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. तिनं सगळ्यांकडे पाठ केली. मागून सुईणबाई सांगत होती, की चांगला साबण झाला की निरोप पाठवा, तोवर पोरं नुसत्या कोमट पाण्यानं धुईन, काही मरत नाहीत.

वस्तादांचं तोंड सुजलं, आतून सोललं. बोलता येईना. एवढी शांतता त्या घरानं कधी ऐकली नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि वहिनी वाटीनं गार दूध पाजायची. त्यांचा असा पचका झालेला बघून पोटभर हसावं, असं तिनं किती वर्षं मनाशी ठरवलं होतं. हसलीही अर्धा दिवस. मग तिला घर ओकंबोकं वाटायला लागलं, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

सूज उतरली तेव्हा एका दुपारी ते भिंतीकडे बघतच बोलले.

"एकदा चाखला आणि काहीच लागलं नाही. मला वाटलं, आज साबण चांगला झाला."

वहिनी वाटी हातात घेऊन थांबली.

"पुढच्या कढईलाही नाही लागलं. वाटलं, आता हात बसला. आजोबांना जमलं नाही ते मला जमलं. एकही कढई चावेना. खूश होतो मी."

"मग कळलं कधी?"

"तुझी भाजीही लागेना तेव्हा." त्यांनी नखानं भिंतीचा पोपडा खरवडला. "जन्मभर तुला म्हणत आलो, तुझ्या हाताला चव नाही. आता खरंच चव लागत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

वहिनीजवळ यावर एक सोडून दहा उत्तरं होती आणि दहाही झणझणीत होती. तिनं एकही दिलं नाही. "दूध प्या," एवढंच म्हणाली.

दिरानं आणि गड्यांनी फळ्या रिकाम्या केल्या. सगळ्या वड्या चिरून पुन्हा कढईत गेल्या, वर तेल ओतलं, पाणी ओतलं, खाली जाळ पेटला. दिवसभर उकळ्या फुटल्या. मीठ पडलं, साबण फुटून वर आला, खालचं काळं पाणी सोडलं, धुतला, पुन्हा उकळला. चाखायची वेळ झाली तशी गडी एकमेकांकडे बघायला लागले. वस्ताद आले. सुजलेल्या ओठांनी, त्याच मळक्या सदऱ्यात, नेहमीसारखे ओट्यावर चढले. वल्ह्यावर साबण घेतला, फुंकर घालून निववला.

वस्तादांनी वल्हं वळवलं आणि दारात उभ्या असलेल्या बायकोपुढे धरलं.

"अगं, बघ."

ती पुढे आली. साबण जिभेच्या टोकाला लावला. चावला नाही. गुळगुळीत, निवलेला, आणि मागून हळूच खारट. धुताना पाणी कमी पडलं होतं. अशा वड्या वाळल्यावर तडकल्या असत्या. तिनं पुन्हा एकदा चाखून खात्री केली, कारण बोलायचं होतं ते वाक्य तिला उगाच वाया घालवायचं नव्हतं. मग वस्तादांच्या डोळ्यांत बघून, त्यांच्याच ठसक्यात, शेवटच्या गड्यापर्यंत पोचेल असं ती म्हणाली,

"मीठ जास्त."

शेडमध्ये कुणी हललं नाही. वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. ते वाक्य कुणाचं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग ते गड्यांकडे वळले आणि ओठ फुटून रक्त येईल इतक्या जोरात ओरडले.

"ऐकू आलं नाही का? मीठ जास्त म्हणतेय ती! पाणी घाला!"

त्या रात्री तिनं ताट वाढलं. भाजीत आज मीठ होतं. वस्तादांनी घास उचलला, पण तोंडात घालायच्या आधी थांबले.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय," वहिनी म्हणाली. त्या घरात तिच्या जेवणाला कुणी असं पहिल्यांदाच म्हणत होतं, आणि तेही तिचं तिलाच म्हणावं लागलं. वस्तादांनी मान डोलावली आणि जेवू लागले.